डीओ म्हणजे हाडवैद्य का हो?

आमच्या नातेवाईकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मध्यंतरी एक पत्र पडलं. मावसबहिणीची मुलगी, न्यू जर्सीत एडिसनला जन्मलेली आणि वाढलेली, तिला मेडिकलला प्रवेश मिळाला. पन्नासेक अभिनंदनं आणि तेवढेच पेढ्यांचे इमोजी झाल्यावर ठाण्याच्या एका काकांनी पत्र झूम करून वाचलं आणि विचारलं, "यात एमडी कुठे आहे? डीओ लिहिलंय." कुणीतरी लगेच गुगल केलं. डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन. ऑस्टिऑन म्हणजे ग्रीकमध्ये हाड. झालं! डोंबिवलीच्या मावशीचा व्हॉइस मेसेज आला, "अगं, हाडवैद्यच व्हायचं होतं तर एवढे डॉलर कशाला घालवायचे?"

ग्रुपवर तीन तास सन्नाटा. मग पोरीचा मला फोन. "मामा, तू पत्रकार आहेस ना? तूच लिही काहीतरी. मी एक्सप्लेन करून दमले." म्हणून हे लिहितोय. पण लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं की हा प्रश्न एडिसनचा कमी आणि कल्याण-डोंबिवलीचा जास्त आहे. कसा, ते पुढे सांगतो.

आधी मावशीचं उत्तर. अमेरिकेत पूर्ण डॉक्टर होण्याचे दोन रस्ते आहेत, एमडी आणि डीओ. दोघांनाही चार वर्षं मेडिकल स्कूल, मग रेसिडेन्सी, मग लायसन्स. दोघंही औषधं लिहितात, ऑपरेशन करतात, आयसीयू सांभाळतात. तिथल्या डॉक्टरांमध्ये साधारण दहातला एक डीओ आहे, आणि आज शिकणाऱ्या मेडिकल विद्यार्थ्यांमध्ये चारातला एक. राष्ट्राध्यक्षांचे डॉक्टर घ्या. ट्रम्प यांना २०२० मध्ये कोविड झाला तेव्हा रोज कॅमेऱ्यासमोर येणारे शॉन कॉनली डीओ. बायडन यांचे केव्हिन ओकॉनर डीओ. ट्रम्प पुन्हा आले, त्यांचे शॉन बार्बाबेला, तेही डीओ. आता मावशी, अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष काय हाडवैद्याकडे जातो का?

खरं सांगायचं तर मावशी अगदीच चुकीची नव्हती. सुरुवात हाडवैद्यकीचीच. अँड्र्यू टेलर स्टिल नावाचा एक डॉक्टर होता. १८६४ साली मेंदूज्वराच्या साथीत त्याची तीन मुलं गेली. त्या काळची औषधं म्हणजे पारा, अफू, दारू. मुलांना वाचवू न शकलेल्या त्या विद्येवरचा त्याचा विश्वासच उडाला. हाडं, सांधे, स्नायू नीट जागेवर असले की शरीर स्वतःला बरं करतं, हा त्याचा सिद्धांत. १८७४ मध्ये त्याने तो जाहीर केला, गावोगाव हिंडून हाडं बसवत राहिला आणि १८९२ मध्ये मिसुरीतल्या कर्क्सव्हिल या आडगावात कॉलेज काढलं. पहिल्याच वर्गात मुलीही होत्या, हे त्या काळात मोठं होतं.

मुलींवरून आठवलं. अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजात अर्ज करून शिकायला जाणारी पहिली मराठी मुलगी आपल्या कल्याणची. आनंदीबाई जोशी, जन्म ३१ मार्च १८६५, कल्याण. १८८३ मध्ये अठराव्या वर्षी त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून एमडी झाल्या. आपण हे शाळेत शिकतो. शाळेत शिकवत नाहीत ते हे, की त्या कॉलेजच्या डिग्रीलाही नाकं मुरडली जायची. १८६९ मध्ये त्याच शहरातल्या हॉस्पिटलात या कॉलेजच्या मुली लेक्चरला गेल्या, तर पुरुष विद्यार्थ्यांनी हुर्यो उडवली, कागदाचे बोळे मारले. "बायकांचं कॉलेज" म्हणजे दुय्यम डिग्री. आणि याच फिलाडेल्फियात १८९९ मध्ये ऑस्टिओपॅथीचं कॉलेज निघालं, त्यालाही पुढची साठ वर्षं तेच ऐकावं लागलं. वर सांगितलेले कॉनली त्याच कॉलेजचे.

ऐकावं लागलं म्हणजे किती? १९१० साली फ्लेक्सनर अहवालाने अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांची झाडाझडती घेतली, त्यात ऑस्टिओपॅथीची कॉलेजं पार झोडपली. १९६१ पर्यंत तिथल्या डॉक्टर संघटनेच्या लेखी डीओसोबत काम करणं हाच नैतिक गुन्हा होता. दुसऱ्या महायुद्धात एमडी डॉक्टर फौजेत गेले. डीओंना फौजेने डॉक्टर म्हणून घेतलंच नाही. ते मागे राहिले आणि मागे राहिलेल्या लोकांना त्यांनी तपासलं. युद्ध संपलं तरी बरेच पेशंट त्यांच्याकडेच टिकले. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात तर कमालच झाली. दोन्ही संघटनांचा समझोता झाला आणि दोन हजारांवर डीओंनी ६५ डॉलर भरून एमडीचा कागद घेतला. तिथलं त्यांचं कॉलेजही एमडीचं झालं. एका सहीने हाडवैद्याचा डॉक्टर! बाकीच्या राज्यांतले डीओ मात्र नाही म्हणाले. त्यांनी वेगळं राहून अभ्यासक्रम वाढवला, औषधशास्त्र, सर्जरी सगळं घेतलं, स्वतःची हॉस्पिटलं चालवली. १९७३ पर्यंत सगळ्या राज्यांत पूर्ण लायसन्स मिळालं. आणि २०२० मध्ये दोघांची रेसिडेन्सी एकाच व्यवस्थेखाली आली. स्टिलच्या सिद्धांतापासून तिथपर्यंत जवळपास दीडशे वर्षं.

आता आमच्या भाचीचं. तिकडे बारावीनंतर मेडिकल नाही. आधी चार वर्षांची डिग्री, तिने बायॉलॉजी केलं. मग एमकॅट, साडेसात तासांची परीक्षा, मार्क ४७२ ते ५२८ च्या मधे. एमडी कॉलेजात शिरणाऱ्यांची सरासरी ५११-५१२ च्या आसपास, डीओची ५०४ च्या. तिला यांच्या मधले कुठेतरी होते. तिने दोन्हीकडे अर्ज टाकले. बहुतेक जण तेच करतात आणि मुलाखतीत मात्र "मला पहिल्यापासून ऑस्टिओपॅथीच आवडते" म्हणतात, हे तिनेच हसत सांगितलं. एमडीचं अर्जाचं पोर्टल वेगळं, डीओचं वेगळं, आणि नंतर प्रत्येक कॉलेजचे वेगळे निबंध, वेगळी फी. शिफारसपत्रं, त्यातलं एक शक्यतो डीओ डॉक्टरचं. ते मिळवायला ही एका डीओ बाईंच्या दवाखान्यात सहा महिने नुसती उभी राहून बघत होती. तिथे तिने पाहिलं की कंबरदुखीचा पेशंट आला की बाई आधी हात लावतात, मणका न् मणका चाचपतात, मग कॉम्प्युटरकडे वळतात. "आमच्या फॅमिली डॉक्टरने मला लहानपणापासून हातच नाही लावला मामा, नुसतं टायपिंग," हे तिचं वाक्य मला फार लागलं.

हे हाताचं शिक्षण डीओ कॉलेजात साधारण दोनशे तास जास्तीचं असतं. विद्यार्थी एकमेकांना टेबलावर झोपवून शिकतात. त्यातलं सगळंच टिकणारं आहे असं नाही. कवटीची हाडं बोटांनी हलवायचा जो प्रकार शिकवतात त्याला पुरावा अगदीच लंगडा आहे आणि खुद्द विद्यार्थीच त्यावर कुरकुरतात. परीक्षाही यांची वेगळी, कॉमलेक्स. पण बरीच पोरं भीतीपोटी एमडीवाल्यांची यूएसएमएलईसुद्धा देतात. म्हणजे दोन परीक्षा, दुप्पट फी. रेसिडेन्सी नव्वद टक्क्यांहून जास्त डीओंना मिळते, पण न्यूरोसर्जरी, त्वचारोग, ऑर्थोपेडिक्स अशा जागांसाठी जास्त धडपडावं लागतं. (हाडवैद्यालाच हाडांची सीट मिळत नाही, हा ग्रुपवरच्या काकांचा जोक. बरा होता.) कॉलेजची फी वर्षाला पन्नास-साठ हजार डॉलर. आणि नेमकं १ जुलै २०२६ पासून सरकारी विद्यार्थी कर्जाला नव्या कायद्याने टोपी घातली, वर्षाला ५० हजार, एकूण दोन लाख डॉलर. राहणं-खाणं धरलं तर वरचे पैसे खाजगी कर्जातून. बहीण-मेहुण्यांच्या आवाजात आनंदाबरोबर तो आकडा ऐकू येतो.

आता आपल्याकडे या.

आपल्याकडे "ती दुसरी डिग्री" कोणती, ते सांगायला नको. नीट दिलेल्या घरात जाऊन विचारा. वीसेक लाखांवर पोरं परीक्षेला, देशात एमबीबीएसच्या जागा लाख-सव्वा लाख. आपल्या जिल्ह्यात कळव्याला ठाणे पालिकेचं राजीव गांधी मेडिकल कॉलेज, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झालेलं अंबरनाथचं सरकारी, शंभर जागांचं. कल्याण-डोंबिवली पालिकेचं एकही नाही. मग यादी खाली सरकते. बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस. बीएचएमएसही साडेचार वर्षं अधिक एक वर्ष इंटर्नशिप, एमबीबीएसइतकीच. बाहेर पडल्यावर दवाखाना टाकायला पैसे नसतात, मग पोरं नाईट ड्युटीला लागतात. कल्याण पूर्व, दिवा, टिटवाळा, बदलापूर. रात्री दोन वाजता एखाद्या खाजगी नर्सिंग होममध्ये जा. समोर ॲप्रन घातलेला जो तरुण बीपी बघतो, सलाईन लावतो, मोठ्या डॉक्टरांना फोन करतो, तो बहुतेक वेळा बीएएमएस किंवा बीएचएमएस असतो. एमडी फोनवर असतात. माझ्या वडिलांना छातीत कळ आली त्या रात्रीही असाच एक बीएचएमएस मुलगा होता. त्याने ईसीजी काढला, दहा मिनिटांत ॲम्ब्युलन्समध्ये घातलं. वडील आज फडके रोडला फिरायला जातात.

राज्य सरकारने २०१४ मध्ये कायदा बदलला. होमिओपॅथनी आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा कोर्स, सीसीएमपी, केला की त्यांना ॲलोपॅथीची औषधं देता येतील. आयएमए कोर्टात गेली. प्रकरण वर्षानुवर्षं रेंगाळलं. २०२५ मध्ये पुन्हा पेटलं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल १५ जुलैपासून त्यांची वेगळी नोंदणी करणार म्हणाली, आयएमएने बंदची हाक दिली, सरकारने पाऊल मागे घेतलं, तर होमिओपॅथ आझाद मैदानात बसले. सप्टेंबरात सरकारने नोंदणी करा म्हणून सांगितलं, तर १८ सप्टेंबरला ॲलोपॅथीवाल्यांचा संप. त्या दिवशी मी दोन्ही बाजूंना फोन करत होतो.

मला दोन्ही बाजूंचं अर्धंच पटतं. मिक्सोपॅथीने पेशंटचा जीव जाईल असं जे म्हणतात, त्यातल्याच काहींच्या हॉस्पिटलात रात्री कोण असतं, हे ते बोलत नाहीत. बीएचएमएस मुलगा पंधरा-वीस हजारांत रात्र काढतो तोवर तो चालतो, त्याने स्वतःच्या नावाने प्रिस्क्रिप्शन लिहिलं की धोका! दुसरीकडे, एक वर्षाच्या कोर्सने बरोबरी होते हेही मला पटत नाही. अमेरिकेतल्या डीओंचं उदाहरण होमिओपॅथ मंडळी हल्ली देतात, पण ते कॅलिफोर्नियाच्या ६५ डॉलरवाल्या कागदाने बरोबर आले नाहीत. तेच वॉर्ड, तेवढीच वर्षं, तीच रेसिडेन्सी, असं करत आले. न्यूयॉर्कच्या एका डीओ कॉलेजात बाहेरच्या देशांत आधीच डॉक्टर झालेल्यांसाठी खास कोर्स आहे, आणि त्यांनाही चार वर्षं पुन्हा शिकावं लागतं.

कल्याण पूर्वेतले माझे एक मित्र बीएचएमएस आहेत, पन्नाशीचे, सीसीएमपी केलेले. त्यांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मला तीन वर्षं वॉर्डात उभं करा, परीक्षा घ्या, नापास झालो तर घरी बसतो. पण असं कुणी विचारलंच नाही. एकाने कोर्स दिला, दुसऱ्याने कोर्टात खेचला." माझ्या मते सरकारने नोंदणीच्या रजिस्टरवर भांडण्याऐवजी कळवा, अंबरनाथ, सिव्हिल अशा ठिकाणी या डॉक्टरांसाठी वॉर्डातलं खरं प्रशिक्षण आणि एमबीबीएसवाल्यांच्याच तोडीची परीक्षा ठेवावी. खर्च आहे, वेळ आहे, निवडणुकीत सांगण्यासारखं नाही. म्हणून होत नसावं. मी स्वतः डिप्लोमावाला पत्रकार, डिग्रीवाल्यांच्या टेबलावर वीस वर्षं बसतोय, त्यामुळे कागदाची किंमत आणि कामाची किंमत यातला फरक मला जरा जास्त टोचतो, हेही खरं.

डीओबद्दल बोलतोय हे कळल्यावर तीन-चार पालकांनी विचारलं, म्हणून शेवटी थोडं कामाचं. नीटनंतर थेट अमेरिकेत डीओला जाता येत नाही. आधी तिकडे मान्य होईल अशी डिग्री, एमकॅट, आणि बरीच डीओ कॉलेजं नागरिक किंवा ग्रीनकार्डवाल्यांनाच घेतात, परदेशी मुलांना घेणारी मोजकीच. ब्रिटनमधला ऑस्टिओपॅथ हा मेडिकल डॉक्टर नसतो, तो मालिश-मणक्याचा उपचार करणारा थेरपिस्ट. नाव तेच, काम वेगळं. आपल्याकडे पाटीवर ऑस्टिओपॅथ लिहिणारे बहुतेक फिजिओथेरपिस्ट असतात. त्यामुळे कुणी एजंट स्टेशनबाहेरच्या ऑफिसात बसून "ऑस्टिओपॅथी करा, परदेशात डॉक्टर व्हा" म्हणाला तर कुठल्या देशात, कोणती डिग्री, तिथे लायसन्स मिळतं का, हे तीन प्रश्न लेखी विचारा. आणि परदेशातून शिकून इथे प्रॅक्टिस करायची असेल तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे २०२१ चे नियम वाचा. किमान ५४ महिन्यांचा कोर्स, त्याच संस्थेत वर्षभराची इंटर्नशिप, इंग्रजी माध्यम, आणि त्या देशात प्रॅक्टिसचा परवाना मिळण्याची पात्रता. ॲडव्हान्स भरण्याआधी वाचा, नंतर नाही.

मावशीने काल पुन्हा व्हॉइस मेसेज टाकलाय. भाची डिसेंबरात डोंबिवलीला येणार आहे, तर तिचा गुडघा दाखवायचा आहे.