पिशवीतला कोकाकोला

रात्री पुन्हा 'टू किल अ मॉकिंगबर्ड' काढलं. हार्पर ली यांची १९६० सालची कादंबरी. गोष्ट १९३०च्या दशकातल्या अलाबामातली, मेकोम्ब नावाच्या कल्पित गावची.

गोऱ्या मायेलावर बलात्कार केल्याचा आरोप असलेल्या काळ्या टॉम रॉबिन्सनचा डावा हात लहानपणी सरकी काढायच्या यंत्रात सापडून कायमचा निकामी झालेला. मायेलाला मार बसलाय चेहऱ्याच्या उजव्या बाजूला, म्हणजे मारणारा बहुधा डावखुरा. तिचा बाप भर कोर्टात डाव्या हाताने नाव लिहून दाखवतो. ज्युरीच्या डोळ्यांदेखत सगळं, तरी टॉम दोषी! याला अज्ञान तरी कसं म्हणायचं? माहिती समोर होती, ती नको होती.

त्याहून गेट्सबाईंनी डोकं उठवलं. वर्गात ज्यूंच्या छळाबद्दल कळवळून बोलणाऱ्या या बाई कोर्टातून बाहेर पडताना म्हणतात, काळ्यांना धडा मिळायलाच हवा होता. दोन्ही अगदी मनापासून. ढोंगी बाई एकवेळ परवडली असती.

आणि तो डॉल्फस रेमंड! गोरा, पैसेवाला, काळ्या बाईबरोबर राहणारा. कागदी पिशवीत बाटली लपवून झिंगल्याचं सोंग आणतो; आत निव्वळ कोकाकोला. का, तर गावाला कारण लागतं. 'दारूपायी वाया गेला' म्हटलं की कुणाला पुढे विचार करावा लागत नाही. हे गुपित तो फोडतो पोरांपाशी. मोठ्यांना सांगण्यात अर्थ नाही, हे त्याला पक्कं ठाऊक. लोक टॉमचा वकील ॲटिकस याच्या भाषणाचे गोडवे गातात. मला हेच पान जास्त टोचतं.