नाणेघाटाच्या पायऱ्या

आमच्या भटक्या मंडळाला नाव नाही, घटना नाही आणि वर्गणीही नाही. नियम मात्र एक आहे. पौष लागला, की एका रविवारी पहाटे घराबाहेर पडायचे आणि दिवसभर चालायचे. वाटेत पगार, प्रकृती आणि परीक्षा हे तीन विषय काढायचे नाहीत. आम्ही पाच जण. एक बँकेतले, एक औषधांच्या दुकानाचे मालक, एक माझे मेहुणे, मी मराठीचा प्राध्यापक आणि आम्हा चौघांना गेली बारा वर्षे पुढे राहून चालवणारे अण्णा. अण्णा चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले. वय अडुसष्ट. त्यांची काठी पुढे आणि आम्ही मागे, हे इतके ठरून गेले आहे की वाट विचारण्याची सवयच आम्हाला राहिलेली नाही.

यंदा नाणेघाट ठरला तो माझ्यामुळे. एम. ए.च्या वर्गाला भाषेचा इतिहास शिकवताना मी दर वर्षी नाणेघाटच्या लेखावर तासभर बोलतो. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा, सातवाहनांची राणी नागनिका, ब्यूलरने 1883 साली छापलेले वाचन, सगळे तोंडपाठ. गेल्या वर्षी एका मुलीने विचारले, “सर, प्रत्यक्षात तो लेख कसा दिसतो हो?” मी पुस्तकातला ठसा कसा दिसतो ते सांगितले. मुलगी समजुतीने मान हलवून खाली बसली. तिने हट्ट धरला असता तर बरे झाले असते. तिच्या त्या समजूतदारपणाचीच मला लाज वाटली.

कल्याणहून माळशेजकडे जाणारी पहिली एस. टी. धरून आम्ही वैशाखरे गावापाशी उतरलो. थंडी चांगलीच होती. कापणी झालेल्या भातखाचरांत वाल हातभर वर आला होता आणि त्याच्या पानांवर दव जड होऊन बसले होते. समोर सह्याद्रीची भिंत. तिच्या माथ्यावर एक कडा अंगठा वर करून उभा आहे. त्याला ‘नानाचा अंगठा’ म्हणतात. त्याच्या बगलेत जी खाच दिसते, तोच घाट.

रानात शिरलो आणि पहिल्याच चढाला मला काहीतरी चुकल्यासारखे वाटले. माझ्यापुढे कोणीच नव्हते. अण्णा मागे राहिले होते. एका ऐनाच्या झाडाला टेकून ते त्याची साल न्याहाळत होते. “काय पोत आहे पाहा प्रोफेसर, मगरीची पाठ जशी!” मी पाहिले. पुढच्या वळणावर ते दगड न्याहाळू लागले, त्यापुढे कारवीची वाळकी खोडे. चित्रकाराची नजर म्हणून आम्ही कौतुक करीत राहिलो. औषधवाल्यांनी न सांगता अण्णांची पिशवी आपल्या खांद्याला लावली आणि अण्णांनी ती परत मागितली नाही. बारा वर्षांत असे घडले नव्हते. प्रकृतीचा विषय काढायचा नाही हा नियम पाळणे त्या दिवशी सर्वांना सोयीचे झाले.

जंगल संपून खडी चढण लागली, तशा कातळात खोदलेल्या पायऱ्या सुरू झाल्या. कल्याण बंदरातला माल याच वाटेने जुन्नरला जाई. पायऱ्यांच्या कडा झिजून गोल झाल्या आहेत. पाऊल ठेवावे तिथे खोलगट जागा आधीच तयार असते. थकलेल्या माणसाला त्यात पाय टाकताना बरे वाटते.

गुंफा घाटमाथ्याच्या थोडी अलीकडे आहे. आत शिरलो, बाहेरच्या उन्हातून आल्यामुळे क्षणभर काही दिसले नाही. मग दोन्ही बाजूंच्या भिंतींवर अक्षरे हळूहळू उमटू लागली. ठशात दिसतात तशी ती नीटस नाहीत. कुठे दगडाचा पापुद्रा गेला आहे, कुठे पाझराने ओळी खाल्ल्या आहेत. तरी बोट हवेत फिरवीत मी एकेक अक्षर जुळवू लागलो. ‘दखिना’ हा शब्द लागला तेव्हा मेहुण्यांना हाक मारण्याइतका मला आनंद झाला.

गुंफेत एक म्हातारे बाबा विसावले होते. घाटघरहून खाली लेकीकडे निघालेले. बरोबर नाचणीच्या पिठाची पिशवी. बराच वेळ माझा उद्योग पाहून त्यांनी विचारले,

“काय लिवलंय मास्तर त्यात?”

मी सांगू लागलो. राणीने आणि राजाने मोठमोठे यज्ञ केले, अश्वमेध केला. एका यज्ञात 1700 गाई आणि 10 हत्ती दक्षिणा दिली. पलीकडच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. मूर्ती फुटून गेल्या, पण वर कोरलेली नावे अजून आहेत.

“आन् पायऱ्या कुनी खोदल्या, त्येचं नाव?”

“ते नाही लिहिलेलं, बाबा.”

“आमचा आजा हिरडा घिऊन उतरायचा ह्याच वाटंनं. मीठ न् सुकट घिऊन चढायचा.” एवढे बोलून त्यांनी पिशवी डोक्यावर घेतली आणि ते उतरणीला लागले. त्यांच्या पावलांना जागा शोधावी लागत नव्हती.

तासभर व्याख्यान देणाऱ्या माणसाला हा प्रश्न इतक्या वर्षांत एकदाही सुचला नव्हता. गुंफेत नावे राहिली, माणसे गेली; बाहेर पायऱ्यांवर पावले राहिली, त्यांची नावे कोणी विचारली नाहीत. पुढच्या वर्षी वर्गात मी लेखाआधी पायऱ्यांवर बोलेन, असे तिथेच ठरवले.

अण्णा अर्ध्या तासाने पोचले. गुंफेच्या ओट्यावर बसून त्यांनी श्वास सावरला. मग आम्ही त्या अरुंद नळीतून माथ्यावर गेलो. जकातीचा म्हणून दाखवतात तो भला मोठा दगडी रांजण तिथे आहे. खाली सारे कोकण धुरकट उन्हात पसरले होते. भाकरी आणि लसणाची चटणी खाऊन झाल्यावर आल्या वाटेने उतरायचे, हा बेत होता.

अण्णा रांजणाच्या काठावर हात ठेवून म्हणाले, “तुम्ही उतरा. मी घाटघरहून गाडी मिळते का पाहतो आणि जुन्नरवरून येतो. आणि पुढच्या पौषात मी तिकडूनच वर येईन. चहा उकळून ठेवतो. तुम्ही खालून या.”

कोणी काही बोलेना. शेवटी औषधवाल्यांनी पिशवी परत केली आणि ते अण्णांबरोबर घाटघरच्या वाटेला लागले. आम्ही तिघे उतरायला निघालो. नळीच्या तोंडाशी बँकवाले आणि मेहुणे, दोघेही थांबून माझ्याकडे पाहू लागले. मी पुढे झालो आणि पहिल्या पायरीच्या खोलगट जागेत पाऊल ठेवले.