कपिलेकाठची सून

नंजनगूडहून म्हैसूरला रोज आगगाडीने कॉलेजला जाणारी एक विधवा, कात्यायनी. कथेतलं सगळं वादळ या गाडीतून येतं. सासरे श्रीनिवास श्रोत्री शास्त्रसंपन्न आणि स्वभावाने मऊ. कपिलेच्या पुरात मुलगा गेल्यावर सुनेचं डोकं भादरत नाहीत, उलट तिला शिकू देतात. कॉलेजात इंग्रजी शिकवणारा राजा कात्यायनीला भेटतो आणि तिला पुन्हा जगावंसं वाटू लागतं.

एस. एल. भैरप्पांची ही कादंबरी, ‘वंशवृक्ष’. १९६५ ची. बी. व्ही. कारंत आणि गिरीश कार्नाड यांनी मिळून तिच्यावर कन्नड चित्रपट केला आणि १९७१ चा दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार दोघांना मिळाला. संगीत आपल्या भास्कर चंदावरकरांचं. कात्यायनी झाल्या एल. व्ही. शारदा, आणि तिचा हात धरणारा राजा खुद्द कार्नाड.

मी तो पाहिला वेसाव्यात, यारी रोडवरच्या घरी, रात्री उशिरा. कन्नड येत नाही, पण उमा कुलकर्णींच्या मराठी अनुवादामुळे कथा आधीच अंगात भिनलेली होती, त्यामुळे अडलं नाही. कृष्णधवल चौकटींत घराचे खांब, ओसरी, आणि मधे उभी असलेली ती. कुणी तिच्यावर ओरडत नाही, हात उगारत नाही. ती राजाशी लग्न करते, पहिल्या लग्नाच्या मुलाला न्यायला श्रोत्रींकडे येते आणि रिकाम्या हातांनी परतते. पुढे पोटातली मुलं जगत नाहीत, ती खंगत जाते आणि संपते.

दुसऱ्या दिवशी कोळीवाड्यात मासळी घेताना मी ही गोष्ट कोळीण मावशींना सांगितली. त्या बोंबील साफ करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मंग पोर सोडलं कशाला? पोर घेऊन पाट लावाचा.” मला हसू आलं आणि मग ते गेलं. दर्याने ज्यांची माणसं नेली अशी घरं या वस्तीला परकी नाहीत. कपिलेने नेलं काय आणि समुद्राने नेलं काय, मागे राहणारी बाई तीच. पण कोळ्यांत विधवेचा पाट लावायची चाल जुनी, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बाजार बाईच्या हातात. बोट पुरुषाची असेल, पण मासळीचा भाव ती ठरवते, पैसा तिच्या कनवटीला असतो. श्रोत्रींच्या घरात कात्यायनीला मान होता, प्रेम होतं, पुस्तकं होती. स्वतःचा पैसा तेवढा नव्हता.

आपण १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्याचं कौतुक शाळेपासून ऐकतो. त्याच कायद्याने पुन्हा लग्न करणाऱ्या बाईचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क काढून घेतला होता आणि मुलांचा ताबा कोर्टाकडे मागायची वाट सासरच्यांना मोकळी ठेवली होती. श्रोत्री कोर्टात जात नाहीत. त्यांना जावंच लागत नाही. मूल वंशाचं, हे कात्यायनीनेही आतून मान्य केलेलं असतं. शंभर वर्षांनी कायद्याची गरज उरली नव्हती, त्यातलं कलम तिच्या मनात जाऊन बसलं होतं.

आणि इथे, आज? आमच्या भागात नाटक-सिनेमासाठी आलेली पोरं-पोरी खोल्या शोधत हिंडतात. आरामनगरातल्या ऑडिशन आटोपून ती एखाद्या सोसायटीच्या दारात उभी राहिली की पहिला प्रश्न येतो: लग्न झालंय का? सर्टिफिकेट आहे का? सोसायटीच्या एका सभेत मी हा प्रश्न अत्यंत सभ्य आवाजात विचारलेला ऐकला आहे. श्रोत्रींचा आवाजही सभ्यच होता. खोली न मिळालेल्या जोड्या जेट्टीवरून मढच्या फेरी बोटीत बसतात, दोन स्कूटरींच्या मधे अंग चोरून. खाडी ओलांडायला लागतात जेमतेम काही मिनिटं.

भैरप्पांशी माझं भांडण कात्यायनीच्या कुशीवरून आहे. श्रोत्रींना उतारवयात कळतं की वारस हवा म्हणून आपल्यालाच दुसऱ्या पुरुषापासून जन्माला घातलं गेलं. ज्या वंशासाठी सुनेचं मूल ठेवून घेतलं तो वंश आपला नव्हताच. केवढा जबरदस्त घाव आहे हा! पण या सत्यानंतर श्रोत्रींना संन्यास मिळतो. कात्यायनीला मरण. एकाला ज्ञान, दुसरीला गर्भपात, हा हिशेब लेखकाने मांडलेला आहे, निसर्गाने नव्हे.

कारण राजाची भूमिका करणाऱ्या माणसाच्या घरात हीच गोष्ट वेगळी घडली होती. कार्नाडांच्या आई कृष्णाबाई तरुणपणी विधवा झाल्या, पदरात एक मुलगा. परिचारिकेचं काम शिकताना डॉ. रघुनाथ कार्नाड भेटले. समाजाच्या विरोधापायी लग्नाला काही वर्षं थांबावं लागलं, पण ते झालं. मुलं झाली, जगली. त्यांतला गिरीश १९३८ साली माथेरानला जन्मला.

तोही जन्मला नसता. आत्मचरित्रात कार्नाड सांगतात की हे मूल नको म्हणून आई पुण्यात डॉ. मधुमालती गुणे यांच्या दवाखान्यात गेली होती. डॉक्टरीणबाई जागेवर नव्हत्या. आईने थोडा वेळ वाट पाहिली आणि ती परत आली. हे त्यांना कळलं ते पस्तिशीत, घरी जेवणाच्या पानावर, म्हणजे ‘वंशवृक्ष’ करून झाल्यावर. पुस्तक त्यांनी अर्पण केलं आहे ते डॉ. मधुमालती गुणे यांना.