वसंताचे डाग

बालीगंजमध्ये वसंत आल्याचं मला कोकिळेच्या आधी माशीमांच्या वाटीवरून कळतं. माशीमा आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. गडियाहाटच्या बाजारात कडुलिंबाच्या कोवळ्या पानांच्या जुड्या आणि शेवग्याच्या फुलांचे ढीग दिसू लागले, की एका दुपारी त्यांची वाटी खाली येते. वाटीत नीम-बेगुन. वांग्याच्या बारीक फोडी मोहरीच्या तेलात परतायच्या आणि कुरकुरीत तळलेली कडुलिंबाची पानं त्यात मिसळायची. पहिले दोन घास भाताबरोबर हे कडू खायचं, मग बाकीचं जेवण. "बोशोंतेर शोमोय, खेते होय," माशीमा म्हणतात. वसंताचे दिवस आहेत, खायलाच हवं.

या एवढ्याशा वाक्यात दोन वसंत आहेत. त्यातला दुसरा मला फार उशिरा कळला.

मी बंगाली शिकले ती यादवपूरला, बुद्धदेव बसूंनी १९५६ साली सुरू केलेल्या तौलनिक साहित्याच्या विभागात एम. ए. करताना. शिकले म्हणजे गाण्यांतून आणि कवितांतून शिकले. त्या बंगालीत वसंत म्हणजे पळस, सावरी आणि दक्षिणेचा वारा. स्वयंपाकघरातली आणि दवाखान्यातली बंगाली मला येत नव्हती. पण उत्साह दांडगा होता. एम. ए. झाल्या झाल्या मी एका बंगाली कथेचा अनुवाद केला आणि तो एका दिवाळी अंकात छापूनही आला.

कथेत एक आत्या आहे. लग्न न झालेली, भावाच्या घरात राहणारी. पाहुणे आले की ती दाराआड उभी राहते. तिच्या खोलीत आरसा नाही. कथेत तिच्या रूपाबद्दल एकच वाक्य आहे, तिच्या तोंडावर वसंताचे डाग होते. मी लिहिलं, 'तिच्या चेहऱ्यावर वसंताच्या खुणा होत्या.' उतरत्या वयातही टिकून राहिलेलं काहीतरी टवटवीत, असं मला त्यात दिसलं होतं. खोटं कशाला बोलू, सबंध अनुवादात मला सगळ्यात आवडलेलं वाक्य तेच होतं.

आईने अंक वाचून पुण्याहून फोन केला. "छान झालंय गं. पण ती आत्या आरशात का बघत नाही, ते काही कळलं नाही." मी म्हटलं, "बंगाली कथा अशाच असतात आई, सगळं सांगत नाहीत."

'बोशोंतो' हे बंगालीत ऋतूचं नाव आहे, तसंच देवीच्या रोगाचंही. कांजिण्यांना 'जोलबोशोंतो' म्हणतात, म्हणजे पाण्याचा वसंत. हा रोग याच दिवसांत उसळायचा, म्हणून ऋतूचं नाव त्याला चिकटलं. शीतलेची पूजा याच दिवसांत होते. कडुलिंब तिचाच, आणि माशीमांची वाटीही त्याच भीतीतून आलेली. १९७५ नंतर देशात देवीचा रुग्ण नाही, पण वाटी अजून येते. माझ्या आईच्या दंडावर देवी काढल्याचा वण आहे, माझ्या दंडावर नाही. माझा जन्म झाला तोवर गरजच उरली नव्हती. कदाचित म्हणूनच तो शब्द मला नुसता सुंदर वाटला असेल.

शब्दाचा दुसरा अर्थ यथावकाश कळला. कथा मात्र तोवर मी विसरून गेले होते. गेल्या फाल्गुनात जुन्या अनुवादांचं पुस्तक करायचं ठरलं, तेव्हा वीसेक वर्षांनी ती पुन्हा वाचायला घेतली आणि त्या वाक्याशी थबकले. पुढचं वाचवेना. वीस वर्षं मराठीत ती बाई विनाकारण दाराआड उभी होती.

दुरुस्ती सोपी नव्हती. 'देवीचे व्रण' लिहिलं की ऋतू जातो आणि त्याच्या जागी मराठीतली देवी येऊन बसते. बंगाली वाचकाला 'वसंताचे डाग' वाचताना क्षणभर तरी फुलं दिसत असतील का? मी माशीमांना विचारलं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "दाग माने दाग," त्या म्हणाल्या. डाग म्हणजे डाग. मग मी ऋतू सोडून दिला. तो त्या वाक्यात नव्हताच, मीच नेऊन ठेवला होता.

हे सगळं चाललं होतं तोवर इथला चैत्र लागला. आपला वसंत म्हणजे चैत्र-वैशाख, यांचा फाल्गुन-चैत्र. आपलं वर्ष चैत्रात उघडतं, यांचं त्याच महिन्याच्या संक्रांतीला संपतं. पाडव्याला मी इथे गुढी उभारते तेव्हा खाली गडियाहाटच्या फुटपाथवर चैत्र सेलची आरडाओरड चाललेली असते. साड्या, चादरी, परकर, उरलेला सगळा माल वर्ष संपण्याआधी काढून टाकायचा. पोयला बैशाखला दुकानदार हालखाता, म्हणजे नवी वही, उघडणार. त्याआधी जुनी येणी वसूल करायची. पहिली काही वर्षं मला हे विचित्र वाटायचं. आपल्या सणाच्या दिवशी सगळं शहर आवराआवर करतंय! या वर्षी ती आवराआवर मला सोयीची वाटली. पाडव्याच्या सकाळी बाजारातल्या त्याच जुडीतली पानं गूळ, ओवा, हिंग घालून वाटली, चमचाभर खाल्ली, आणि मुद्रितावर ते वाक्य बदललं: 'तिच्या तोंडावर देवीचे वण होते.' बाकी एक शब्दही हलवला नाही. आरसा, दार, सगळं आपोआप जागेवर बसलं.

मग आईला पाडव्याचा फोन केला आणि वाक्य वाचून दाखवलं. तिला कथा आठवत होती, हे मला अपेक्षित नव्हतं.

"अगं, मग ती आमच्या थोरल्या काकूसारखीच की," आई म्हणाली. "काकू कधी फोटोला उभी राहिली नाही."

या काकूबद्दल मी आजवर काहीच ऐकलं नव्हतं. मी मुद्रितं बाजूला सारली आणि आईला म्हटलं, सांग.