एक कीबोर्ड, तिघं जण

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. निमित्त परवाच्या भाचीच्या फोनचं. तिच्या कॉलेजात प्रोग्रॅमिंगच्या स्पर्धांची तयारी करणारा क्लब आहे आणि आता आयसीपीसीसाठी तिघांची टीम ठरवायची आहे. "मामा, एक मुलगी हुशार आहे, पण टायपिंग फारच हळू. घेऊ का?"

ऐकून चर्रर्र झालं.

२००७ साली आमचाही असा क्लब होता. क्लब कसला, लॅब असिस्टंटच्या हातापाया पडून शनिवारी दुपारी उघडून घेतलेली लॅब आणि सात-आठ टाळकी. स्पेनमधल्या वायादोलिद विद्यापीठाच्या ऑनलाइन जजवरची गणितं सोडवायची. प्रोग्रॅम पाठवला की तिकडचं मशीन तो आपल्याजवळच्या गुप्त आकड्यांवर चालवून बघणार आणि चुकला तर एवढंच सांगणार, 'रॉन्ग आन्सर'. कुठे चुकला, का चुकला, काही नाही. (आमच्या गणिताच्या बाई बऱ्या, निदान लाल रेघ तरी मारायच्या.)

आयसीपीसीत तिघांना मिळून एकच कॉम्प्युटर, वेळ पाच तास. गणित सुटलं तरी त्याआधीच्या प्रत्येक चुकीला वीस मिनिटं दंड. आम्ही सरावही तसाच करायचो. त्यामुळे कीबोर्ड कोणाच्या हातात, हा मोठाच प्रश्न. आमच्यात तो बहुतेक माझ्याच हातात असे. तिसरा भिडू मराठवाड्यातला, घरी कॉम्प्युटर नाही, एका बोटाने अक्षरं शोधत टाइप करायचा. सतत वहीत काहीतरी लिहीत बसलेला असे.

त्या शनिवारी जजवरचं शंभर नंबरचं गणित घेतलं. संख्या सम असली तर निम्मी करा, विषम असली तर तिप्पट करून एक मिळवा, असं एक येईपर्यंत. २२ पासून निघालात की १६ संख्यांची साखळी होते. (प्रत्येक संख्या शेवटी एकावर येतेच का, हे आजही कुणाला सिद्ध करता आलेलं नाही!) दोन आकडे देणार, त्यांच्या दरम्यानची सर्वांत लांब साखळी किती, ते सांगायचं. ह्यात काय आहे? दहा मिनिटांत पाठवलं. रॉन्ग आन्सर. पुन्हा. पुन्हा.

मागून तो म्हणाला, "पहिला आकडा मोठा असला तर?"

"थांब रे, मध्ये बोलू नकोस."

अर्ध्या तासाने माझी ट्यूब पेटली. लहान आकडा आधी येईल असं प्रश्नात कुठे म्हटलंच नव्हतं. १० आणि १ असे आले की माझा लूप एकदाही फिरत नव्हता. दोन ओळी बदलल्या, सुटलं, मी टेबलावर हात आपटून ओरडलो. दंड साठ मिनिटं. नंतर त्याची वही उघडी दिसली. त्यात वरच्याच ओळीत, चौकटीत लिहिलं होतं: आकडे उलटे आले तर?

पुढच्या आठवड्यात सरांनी विचारलं, टीम हीच ठेवायची ना? मी म्हणालो, "सर, तो स्लो आहे." त्याला ते नोटीस बोर्डावरून कळलं. मला एका शब्दाने काही बोलला नाही. फक्त शनिवारी यायचा बंद झाला. आमची टीमही काही पुढे गेली नाही, पण ते जाऊ दे.

भाचीला म्हटलं, "ती कागदावर काय करते ते बघितलंस?"

"नाही मामा."

"मग बघ की. टाइप तू कर."

एका मित्राकडून त्याचा नंबर मिळवलाय. दोन दिवस झाले. फोन अजून केलेला नाही.