लांब शब्दांची धास्ती

इंग्रजीचा धडा वाचायला उठलेली मुलगी छोटे शब्द भराभर वाचते आणि ‘रिस्पॉन्सिबिलिटी’ आला की तिचा आवाज खाली जातो. दोन-चारदा असे झाले की ती वाचायला उठतच नाही. आम्ही स्वतः उर्दू-मराठीतून शिकलेले, म्हणून ही धास्ती आम्हाला परकी नाही.

आमच्या वर्गातली बरीच मुले मकतबात कायदा शिकलेली असतात. तिथे उस्ताद हिज्जे करून घेतात: आधी एकेक तुकडा, मग सगळे जोडून शब्द. तीच सवय इथे कामी येते. फरक एवढाच की इंग्रजीत लिहिलेली अक्षरे नव्हे, कानाला येणारे स्वर मोजायचे. हनुवटीखाली पालथा हात धरून शब्द सावकाश म्हणा. हनुवटी जितक्या वेळा खाली येईल, तितके सिलेबल. ‘इ’च्या स्वराला ती फारशी हलत नाही, तिथे टाळी बरी. रि-स्पॉन्-सि-बि-लि-टी, सहा टाळ्या.

मग आघात. मराठीत आपण सगळी अक्षरे जवळपास सारख्याच जोराने म्हणतो. इंग्रजीत एक तुकडा उठून दिसतो, बाकीचे दबतात. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर ‘फो’वर. ‘फोटोग्राफी’त तो दुसऱ्या तुकड्यावर जातो आणि उच्चार होतो फ-टॉ-ग्र-फी. ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर. जोर सरकला की स्वरही बदलतात, याची मुलांना मोठी गंमत वाटते.

जोराची जागा पुष्कळदा शब्दाच्या शेपटावरून कळते. शेवटी ‘शन’ असेल तर जोर त्याच्या लगेच आधी: ‘एज्युकेशन’मध्ये ‘के’. ‘इटी’चेही तसेच: ‘युनिव्हर्सिटी’त ‘व्हर्’, आणि त्या रिस्पॉन्सिबिलिटीत ‘बि’. ‘इक’लाही बहुधा हाच नियम, पण एक अपवाद आपल्या घरातलाच आहे. ‘अरेबिक’ म्हणताना आपण ‘रे’ ताणतो. शब्दकोशात जोर पहिल्या तुकड्यावर, ॲ-र-बिक. ऑक्सफर्डच्या शब्दकोशात जोराच्या तुकड्याआधी वरच्या बाजूला बारीक उभी रेघ असते. ती पाहायची सवय मुलांना लावावी.

साहेबी लहेजा कोणी मागत नाही, आम्ही तर मुळीच नाही. पण उद्या मुलाखतीत आपल्या मुलीला एकच शब्द तीनदा सांगावा लागू नये.

मागच्या आठवड्यात एका मुलीच्या अम्मी शाळेत आल्या. त्यांना इंग्रजी येत नाही. रात्री भाकऱ्या थापताना मुलीकडून शब्द म्हणवून घेतात आणि तुकडे मोजतात. म्हणाल्या, “एक्झामिनेशनचे पाच, इलेक्ट्रिसिटीचेही पाच. बरोबर ना?”