पांढरी साडी पांढरीच दिसावी

आमची आजी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षेला गेली, तेव्हाची पांढरी साडी तिने जपली आहे. त्याच साडीत तिचे सुपर-८ फिल्मवर चित्रण करायचे आम्हा भावंडांनी ठरवले. तिला जिना उतरवत नाही, म्हणून घाटकोपरच्या खोलीतच. डेलाइट फिल्म ५५०० केल्विनच्या उजेडासाठी असते. पिवळ्या बल्बखाली पांढरे कापड हळदीत बुडवल्यासारखे येते. आपल्या लग्नांच्या जुन्या चित्रणांत कितीतरी नवऱ्या अशाच पिवळ्या दिसतात! आम्ही कोडॅकची ५०० टी घेतली. ती ३२०० केल्विनच्या दिव्यांसाठी, शिवाय कमी उजेडात चालणारी. ट्यूबलाइट बंदच ठेवली. तिची झाक हिरवट. ५० फुटांची फिल्म सेकंदाला १८ चित्रांनी ३ मिनिटे २० सेकंदांत संपते. त्यातली दोन मिनिटे आजी पदरच सारखा करत राहिली.